फुगडी, लंगडी आणि एकी-बेकी: मुलांना सम-विषम संख्या कशा शिकवाव्यात

‘ज्या संख्येला २ ने निःशेष भाग जातो ती सम’ ही व्याख्या पहिलीतल्या मुलाला सांगून काही साधत नाही, कारण भागाकार त्याला अजून यायचा असतो. जोडी म्हणजे काय, हे मात्र त्याला चपला घालायला लागल्यापासून ठाऊक असते. त्यामुळे सुरुवात जोडीपासून करावी.

पहिला खेळ फुगडीचा घ्यावा. जमलेल्या मुलांपैकी सात जणांना मध्ये बोलवावे, मोठ्याने मोजून घ्यावे आणि शिट्टी वाजताच जो जवळ सापडेल त्याचे हात धरून फुगडीसाठी उभे राहण्यास सांगावे. तीन जोड्या होतात, एक जण उरतो. उरलेल्याने हात वर करून ‘विषम!’ असे ओरडायचे आणि कोणीच उरले नाही, तर सगळ्यांनी मिळून ‘सम!’ म्हणायचे. उरलेल्या मुलाला बाद करण्याची चूक कृपया करू नये. बुजरे मूल बहुधा तेच ते उरते आणि त्याला बाहेर बसवले, तर विषम म्हणजे काहीतरी कमीपणाचे, एवढेच ते शिकून जाते. पुढची संख्या सांगण्याचा मान त्यालाच द्यावा. मग मुले मुद्दाम उरायला बघतात, पण ही अडचण त्या मानाने सुसह्य आहे.

हाच खेळ दोन गटांत, एकात पाच आणि दुसऱ्यात सात मुले घेऊन खेळावा. दोन्हीकडे एकेक जण उरला, की ‘आता गट एक केले तर?’ असे विचारावे. कोणी उत्तर देण्याआधीच ती दोन उरलेली मुले एकमेकांकडे धावतात. दोन विषम संख्यांची बेरीज सम का येते, हे फळ्यावर लिहून याहून चांगले समजावता येईल, असे मला वाटत नाही.

त्यानंतर लंगडी. अंगणात खडूने दोन रेघा आखून मुलांना एका रेघेवर उभे करावे आणि एकेक संख्या सांगावी. संख्या सम असेल तर दोन्ही पाय जुळवून एक उडी मारायची, विषम असेल तर लंगडीची एक उडी मारायची आणि जो चुकेल त्याने जागेवरच थांबायचे. दहापर्यंत सारे सुरळीत चालते. पाटीवर ३६ लिहून दाखवले, की मात्र काही मुले लंगडी घालतात, कारण त्यांची नजर आधी ३ वर पडते. अशा वेळी दहा मुलांना फुगडीला उभे करून पाच जोड्या होतात हे दाखवावे: दशक कितीही असोत, त्यांतून कोणी एकटा उरत नाही, म्हणून पाहायचा तो फक्त एककाचा अंक.

येथे मराठी संख्यानामे मदतीला येतात, कारण त्यांत एकक आधी बोलला जातो. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न यांच्या आरंभी दोन आहे, तर सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस यांच्या आरंभी सात. एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे वेगळ्या घडणीची असली, तरी पूर्ण दशकाला एक उणा म्हणजे कोणाचा तरी जोडीदार गेला, म्हणून तीही विषमच. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली आणि तिच्यावरून बराच वादही झाला. तसे म्हणणाऱ्या मुलांनी शेवटचा शब्द ऐकावा, म्हणजे झाले.

घरी एकच मूल असेल, तर आजीच्या काळची एकी-बेकी पुरते. एक भिंत एकीची, म्हणजे विषमची, आणि समोरची बेकीची ठरवावी. मुठीत चिंचोके लपवून ‘एकी की बेकी?’ विचारले, की मुलाने धावत जाऊन हव्या त्या भिंतीला हात लावायचा आणि परत येऊन उघड्या तळहातावरचे चिंचोके दोन-दोन करून बाजूला सारायचे. एखाद्या वेळी मूठ रिकामीच ठेवावी. मूल आधी ‘ही तर फसवाफसवी!’ म्हणून भांडते. ‘कोणी एकटा उरलाय का?’ एवढेच विचारून गप्प राहावे आणि ते आपणहून कोणत्या भिंतीकडे वळते, ते पाहावे.