‘५० बारला वर या’: हवेच्या हिशोबातल्या या चुका टाळा

स्कूबा डायव्हिंगच्या होडीवर ब्रीफिंग (उडी मारण्याआधीच्या सूचना) संपतं ते ठरलेल्या वाक्यावर: “५० बार उरले की वर या.” (बार म्हणजे टाकीतल्या हवेच्या दाबाचं एकक.) माना डोलतात आणि उड्या पडतात. हे ५० आले कुठून, हे कुणी विचारत नाही. मालवण-तारकर्लीच्या आठ-दहा मीटर पाण्यात हा आकडा चालून जातो, आणि सवय बिघडते ती तिथेच. पुढे निवतीच्या खडकांपाशी किंवा आंग्रिया बँकेवर (समुद्रात बुडालेल्या प्रवाळांच्या उंचवट्यावर) खोली दुप्पट होते. आकडा मात्र तोच राहतो.

राखीव हवा एकट्यासाठी नसते. बडीची, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराची, हवा गेली तर तुमच्या टाकीवर दोघांनी वर यायचं असतं. १८ मीटरवरची जोडी धरा. एकाचं गेज (दाब दाखवणारा काटा) ५५ दाखवतंय, ‘अजून पाच आहेत’ म्हणून दोघे कपारीतला लायनफिश बघत थांबतात. तेवढ्यात दुसऱ्याचा रेग्युलेटर (श्वासाचं यंत्र) फ्री-फ्लो होतो, म्हणजे त्यातून हवा आपोआप वाहत राहते, बघता बघता टाकी रिकामी. तो पहिल्याचा ऑक्टोपस, म्हणजे जादा रेग्युलेटर, तोंडात घेतो. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर सहज ओढतो. दोघांचे झाले ६०. तिथला दाब २.८ बार, हवाही तितक्या पटीने जास्त लागते, म्हणजे सावरायला लागलेल्या एका मिनिटातच १६८ लिटर गेले. मिनिटाला ९ मीटर वेगाने ५ मीटरवर यायला दोन मिनिटं धरली तर २५८. ५ मीटरवरच्या तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधीच्या थांब्याला) २७०, तिथून वर यायला ७५. एकूण ७७१ लिटर. ५५ बारला ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियम टाकीत असतात जेमतेम ६१०. स्टॉपवर दोन मिनिटं झाली की दोघांचीही हवा संपली.

म्हणून या टाकीला १८ मीटरवर ७० बार राखा, २४ मीटरवर ९०. १० मीटरवर ५० ठीक. टाकी ८ लिटरची असेल तर १८ मीटरलाच १०० बार लागतात. हे गणित होडीत बसण्याआधी करायचं, दोन मिनिटांचं काम आहे. ज्यांना त्याचाही कंटाळा, त्यांनी दहा मीटरच्या खाली जाऊ नये.

दुसरी लाडकी चूक: “१०० बार झाले की परत फिरू.” नांगराच्या दोरीनेच वर यायचं असेल तर आधी राखीव बाजूला काढा, उरलेल्याचे दोन भाग करा. २०० मधून ७० गेले, राहिले १३०. त्यातले ६५ संपले की, म्हणजे १३५ ला, फिरायचं. १०० ला फिरलात तर परतीला ३०च उरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ (पाण्याचा प्रवाह) जोरात असते, तेव्हा सुरुवात ओढीच्या विरुद्धच करा.

घाईने भरलेली गरम टाकी उन्हात २०० दाखवते. ६० अंशांची टाकी २७ अंशांच्या पाण्यात गेली की राहतात १८०. हिशोब गार टाकीच्या आकड्यावर करा.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. पूर्ण उघडून ‘पाव फेरा मागे’ फिरवण्याची जुनी सवय सोडा, त्यात कुणीतरी उलटीकडे फिरवून जवळजवळ बंद करून ठेवतं. गेजकडे बघत चार श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट आहे.

बडीला ‘ओके?’ विचारू नका, आकडा विचारा. फिरायचं ते ज्याचा आकडा आधी येईल त्याच्यावर.

श्वास रोखून हवा वाचवणं हा शुद्ध मूर्खपणा: कार्बन डायऑक्साइड साचून डोकं दुखतं, आणि रोखलेल्या श्वासाने वर आलात तर फुप्फुसं फाटू शकतात. हवा वाचवायचीच असेल तर कमरेच्या पट्ट्यावरची जादा वजनं उतरवा.

स्वतःचा खर्च माहीत नसेल तर १० मीटरवर एकाच पातळीत दहा मिनिटं सावकाश पोहा. ११.१ च्या टाकीतून ४० बार गेले तर ४४४ लिटर. भागिले दहा मिनिटं, भागिले २ बार, म्हणजे पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २२ लिटर. स्लेटवर (पाण्यात लिहायच्या पाटीवर) लिहून ठेवा. पावसाळ्याचा खंड पडला किंवा वेटसूट बदलला की पुन्हा मोजा.