कॉर्ड बरोबर, तरी गाणं जुळत नाही? या चुका टाळा

सी, एफ, जी आणि ए मायनर या चार कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले तीन सूर) कितीतरी सोपी गाणी वाजवता येतात. तरीही पियानो किंवा कीबोर्डवर गाणं बसत नाही, तेव्हा बोटं सरावलेली नाहीत असं वाटतं. बहुतेक वेळा घोटाळा त्याआधीच झालेला असतो: कॉर्डमधला एखादा सूर चुकलेला असतो किंवा पट्टी जुळलेली नसते.

एक सोडून एक पांढरी दाबणे

सी-ई-जी अशी एकाआड एक पांढरी दाबून सी मेजर मिळते, एफ आणि जी सुद्धा मिळतात. मग तोच नियम डीला लावला जातो. डी-एफ-ए वाजवलं की ती डी मायनर होते. मेजर हवी असेल तर मधला सूर एफ शार्प, म्हणजे एफच्या लगेच पुढची काळी (सीपासून तिसरी). ई मेजरला मधे जी शार्प लागतो, ए मेजरला सी शार्प. बीला मधला डी शार्प आणि वरचा एफ शार्प, दोन्ही काळ्या.

यासाठी मोजणी पक्की करा. मेजर म्हणजे मूळ सुरापासून चार घरं, तिथून पुढे तीन. मायनर म्हणजे आधी तीन, मग चार. काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजायच्या, पण ज्या सुरावर बोट आहे तो मोजायचा नाही. नेमकं इथेच चुकतं: सीलाच 'एक' म्हटलं की चौथं घर डी शार्प येतं आणि मेजरची मायनर होते.

पेटी शिकलेल्यांना हे सरगमीत लवकर कळतं. सी सा धरला तर सी म्हणजे सा ग प, एफ म्हणजे म ध सा, जी म्हणजे प नि रे, ए मायनर म्हणजे ध सा ग. गाण्यात कोमल नि ठळक असेल, तर त्या जागी जी मेजर खटकणारच, कारण तिच्यात शुद्ध नि आहे. तिथे जी मायनर किंवा बी फ्लॅट (बीच्या लगेच मागची काळी) मेजर लावून पाहा. यमनच्या अंगाच्या चालीत तीव्र मध्यमावर एफ बसत नाही. डी मेजर बसते, तिच्यात रे, तीव्र म आणि ध आहेत. काहीच जुळत नसेल तेव्हा नुसते सा आणि प धरा. ते उत्तम लागतं, त्यात कमीपणा नाही.

गिटारच्या कॉर्ड तशाच वाजवणे

नेटवर मिळणाऱ्या कॉर्ड बहुधा गिटारसाठी लिहिलेल्या असतात. वर 'कॅपो 2' (गिटारच्या दुसऱ्या पडद्यावर लावलेला चिमटा) असेल आणि खाली जी, तर प्रत्यक्षात ऐकू येते ती ए. मूळ गाण्यासोबत वाजवायचं असेल तर ट्रान्सपोज (कीबोर्डची पट्टी वर-खाली करण्याची सोय) अधिक 2 करा, नाहीतर प्रत्येक कॉर्ड दोन घरं वर न्या.

गाणारीची पट्टी काळी चार (जी शार्प) असेल, तर सीच्या कॉर्ड वाजवत ट्रान्सपोज उणे 4 ठेवा. अधिक 8 नेही पट्टी तीच येते, पण आवाज चिरका लागतो. नंतर पेटीसोबत बसताना ट्रान्सपोज शून्यावर आणायला विसरू नका.

प्रत्येक कॉर्डला हात उचलून नेणे

सीवरून एफला, तिथून जीला अख्खा हात सरकवला की दर वेळी तालाला खड्डा पडतो. त्याऐवजी सूर उलटसुलट मांडा. डाव्या हाताने (करंगळी 5, अंगठा 1):

सी: सी-ई-जी, बोटं 5-3-1
ए मायनर: सी-ई-ए, 5-3-1
एफ: सी-एफ-ए, 5-2-1
जी: बी-डी-जी, 5-3-1

सीवरून ए मायनरला जाताना फक्त अंगठा एक पांढरी पुढे जातो. सीवरून जीला अंगठा जागेवरच राहतो. आधी दोनच कॉर्डची अदलाबदल करा, मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला 60 ठोक्यांवर, प्रत्येक कॉर्ड चार ठोके. चौथ्या ठोक्यालाच बोटं पुढच्या जागी निघायला हवीत. समेवर पोचल्यावर शोधाशोध केली तर कॉर्ड उशिराच पडणार.

स्वतः गाणार असाल तर हीच मांडणी उजव्या हातात मधल्या सीच्या आसपास घ्या (बोटं 1-3-5, एफला 1-3-5 किंवा 1-4-5, जे सोपं वाटेल ते) आणि डाव्याने खाली फक्त मूळ सूर द्या. खर्जात तिन्ही सूर एकत्र दाबू नका. तिथे जवळजवळचे सूर एकमेकांत मिसळून नुसती घरघर होते.

प्रत्येक सुराला कॉर्ड बदलणे

चालीतला प्रत्येक सूर कॉर्डमध्ये असायलाच हवा असं नाही. ठोक्यावरचा, लांब धरलेला सूर तिच्यात असला की पुरे. केरव्यात आठ मात्रांना एक किंवा दोन बदल, दादऱ्यात सहा मात्रांना एक, इथून सुरुवात करा.

पेडल दाबूनच ठेवणे

सूर लांबवणारं पायातलं पेडल धरून कॉर्ड बदलली की जुनी नवीत मिसळते. नवी कॉर्ड वाजते त्याच क्षणी पाय उचला आणि लगेच पुन्हा दाबा. पाय उचलल्यावरच आवाज लांबत असेल, तर पेडल उलटं ओळखलं गेलं आहे. कीबोर्ड बंद करा, पेडल जोडा, पाय बाजूला ठेवून पुन्हा चालू करा. अनेक कीबोर्ड चालू होतानाच पेडलची दिशा ठरवतात.