लेकराला मास्क लावताना त्रास कसा ओळखायचा, कधी काढायचा

साथ आली की घरोघरी हाच वाद, आजी म्हणते लेकराचा जीव गुदमरायलाय काढा ते तोंडावरचं, आणि बाप म्हणतो राहू दे. मला विचाराल तर मास्क चांगला का वाईट असं सरसकट ठरवूच नका. लेकरू केवढं आहे, कुठं चाललंय, किती वेळ, ऊन किती, एवढं बघा.

आधी वय. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला मास्क नाहीच, कारण जीव घाबरा झाला तरी त्याला तो काढता येत नाही आणि सांगताही येत नाही. पाच वर्षांपर्यंत सक्ती नको असं डब्ल्यूएचओ आणि युनिसेफनं २०२० मध्येच सांगितलं, २०२१ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या सूचनाही तशाच आल्या. ६ ते ११ वाल्यांना मोठ्यांची नजर पाहिजे.

आता ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साईड साठतो ही भीती. हे वायू कापडातून आरपार जातात, अडतात ते शिंकेचे थेंब. २०२१ मध्ये 'जामा पीडियाट्रिक्स' या बालरोगांवरच्या वैद्यकीय जर्नलमध्ये याच्या उलट सांगणारं एक संशोधन छापून आलं होतं, पण मोजण्याच्या पद्धतीवरच प्रश्न उठले आणि महिन्याच्या आत जर्नलनं ते मागं घेतलं. तेव्हा या भीतीपायी जीव टांगणीला लावू नका.

खरा त्रास वेगळाच असतो आणि तो आपल्याकडं जास्त, कारण एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेडला पारा चाळिशीच्या वर, त्यात घामानं मास्क आतून ओला होतो, गालावर घामोळ्या उठतात, ओलं कापड नाकाला चिकटलं की मग खरंच श्वास ओढायला जड जातो. म्हणून घरी आल्यावर मास्क काढून लेकराचं तोंड उजेडात नीट बघा, नाकाच्या कडेला लाल झालंय का, कानामागं इलास्टिकचा वळ आहे का. वळ असेल तर इलास्टिक घट्ट आहे, मागं डोक्याला बांधायच्या नाड्यांचा मास्क शिवून घ्या. ओला झाला की लगेच बदलायचा, दप्तरात एक जास्तीचा ठेवाच.

बोलण्याचंही बघा. लहान लेकरं तोंडाकडं बघून बोलायला शिकतात, म्हणून घरात सगळे धडधाकट असताना मास्क नको. ज्याला ऐकायला कमी येतं त्याला तर समोरच्याचे ओठ दिसलेच पाहिजेत, त्याच्या बाईंना हे आवर्जून सांगा.

मग लावायचा कुठं? भरलेल्या एसटीत, दवाखान्यातल्या गर्दीत, घरात कुणी खोकत असेल तर. मोकळ्या रानात, खेळताना, पळताना, झोपताना काढायचा म्हणजे काढायचा. मळणीयंत्र चालू असताना मास्क लावलाय म्हणून लेकराला खळ्यावर उभं करू नका, कापडानं जाडी धूळ अडते, बारीक नाही, लेकराला तिथून लांबच ठेवा.

दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मास्क लावल्यावर लेकरू धापा टाकायलंय, चक्कर येतीय म्हणतंय, ओठ निळसर दिसायलेत, तर आधी मास्क काढा, सावलीत हवेशीर बसवा, आणि ओठ निळेच राहिले किंवा धाप कमी होईना तर वाट न बघता दवाखाना गाठा, कारण त्यामागं मास्क नसून छातीचा आजारही असू शकतो.