टॅबला फ्लॅश नाही? मग खिडकीजवळ बसा

वाई तालुक्यातल्या एका गावात, 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी २१ वर्षं ग्रंथपाल आहे. जुने कागद आणि नोंदवह्यांचे फोटो आम्ही वाचनालयाच्या टॅबवर काढतो. आजूबाजूच्या गावांत ते माहीत असल्यामुळे टॅब घ्यायच्या आधी कुणी ना कुणी फोन करतंच. परवा शेजारच्या गावच्या ग्रंथपालबाईंनी दुकानातूनच विचारलं, "ताई, हा बजेटमध्ये बसतोय, पण याला मागे फ्लॅश नाही. घेऊ का?"

मी घ्या म्हटलं. का, ते इथे नीट लिहिते, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका जुन्या घराने मोडी लिपीतल्या कागदांचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आमच्याकडे महिनाभरासाठी दिले. फोटो काढा आणि जसे होते तसे परत करा, एवढीच अट. पहिल्या संध्याकाळी मी फोनचा फ्लॅश लावून साठेक पानांचे फोटो काढले. रात्री घरी मोठे करून पाहिले, तर प्रत्येक पानाच्या मधोमध पांढरा डाग आणि त्याखाली अक्षरच नाही. ज्या ओळीत रक्कम लिहिलेली असणार नेमकी तीच गेलेली. सगळी पानं पुन्हा काढावी लागली. जुन्या कागदाची प्रत्येक जादा हाताळणी म्हणजे घडीवर आणखी एक चीर. त्याचं मला फार वाईट वाटलं.

झालं काय होतं, तर फ्लॅश असतो लेन्सच्या अगदी शेजारी. त्याचा उजेड कागदावर सरळ पडतो आणि सरळच लेन्समध्ये परततो. जुना हातकागद घोटलेला असतो, म्हणजे गुळगुळीत दगडाने घासून त्याला चकाकी आणलेली असते. काजळाच्या शाईत डिंक असतो, तीही चमकते. त्यात अंतर जेमतेम फूटभर, त्यामुळे मधला भाग भगभगीत आणि कोपरे काळवंडलेले. लॅमिनेट केलेली सनद, गुळगुळीत मुखपृष्ठ, काचेखालचा फोटो, सगळीकडे हेच होतं.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयाचा टॅब काढला. ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा, फ्लॅश नाही. ते दोन्ही रुमाल त्याच टॅबवर पूर्ण झाले.

तेव्हा विकत घेताना फ्लॅश आहे का ते पाहू नका, ऑटोफोकस, म्हणजे अंतराप्रमाणे आपोआप स्पष्ट करणारा कॅमेरा, आहे का ते पाहा. स्वस्तातल्या काही टॅबचा फोकस ठरावीक अंतरावर पक्का केलेला असतो. त्यावर लांबची माणसं बरी दिसतात, पण जवळचा कागद धूसरच येतो आणि त्याला कोणताही उजेड वाचवू शकत नाही. दुकानातच तपासा. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचं पान समोर धरा, एक वीत अंतर ठेवा, पडद्यावर अक्षरांवर बोट टेकवा, फोटो काढा आणि मोठा करून वाचा. अक्षराच्या कडा स्पष्ट असतील तर टॅब कामाचा. मेगापिक्सेलची चिंता नको. ८ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ३,२६४ ठिपक्यांची असते. ए-फोर पान चौकटीत नीट भरलं तर इंचाला पावणेतीनशेच्या आसपास ठिपके मिळतात. वाचायला आणि छापायला ते पुरतात.

चांगल्या कंपन्यांनीसुद्धा बऱ्याच टॅबना फ्लॅश दिलेला नाही. आयपॅडमध्ये मागचा फ्लॅश पहिल्यांदा आला तो २०१६च्या ९.७ इंची आयपॅड प्रोमध्ये. २०२२ मध्ये आलेल्या दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडलाही तो नव्हता. सॅमसंगच्या टॅब ए-८ ला नाही. फ्लॅश नाही म्हणून वस्तू कमअस्सल ठरत नाही.

आता उजेडाचं. आमच्या वाचनालयाला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे, तिथे टेबल लावलं. उत्तरेच्या खिडकीतून भर दुपारी थेट ऊन सहसा येत नाही, आपल्याकडे मे-जून-जुलै सोडले तर. मला आवडते ती सकाळी दहा ते बाराची वेळ. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे पावसाळ्यातला ढगाळ दिवस, तेव्हा आकाशभर पसरलेला मऊ उजेड मिळतो. कागद उन्हात मात्र कधीही ठेवू नका. फोटोत सावल्या कडक पडतातच, शिवाय जुनी शाई आणि कागद दोघांनाही ऊन सोसत नाही.

टेबल असं लावा की खिडकी कागदाच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. खिडकी पाठीशी घेतलीत तर तुमची आणि टॅबची सावली पानावर पडते. टॅब फोनपेक्षा केवढा मोठा, त्यामुळे ही चूक त्यावर लगेच दिसते. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तुकडा किंवा कोऱ्या कार्डशीटचा पुठ्ठा उभा करा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून पानाच्या अंधाऱ्या बाजूवर येतो. गणपतीच्या मखरातला उरलेला थर्मोकोल मी आजही वापरते.

कागदाखाली काळं कापड किंवा काळा कार्डशीट घाला. पातळ कागदावर मागच्या बाजूची अक्षरं पुढे उमटून दिसतात, ती काळ्या पार्श्वभूमीवर फिकी पडतात. आधी मी पांढरं कापड घालत होते. ते बदलल्यावर वाचणं इतकं सोपं झालं की मोडी वाचणाऱ्या गुरुजींनी मुद्दाम विचारलं, काय केलंत म्हणून.

स्टॅम्प पेपरवरचा दाबून उठवलेला ठसा हवा असेल तर उजेड अगदी आडवा येऊ द्या. खिडकीचं खालचं झडप तेवढं उघडं ठेवा, वरचं बंद करा, टेबल थोडं लांब न्या. ठशाच्या कडांना बारीक सावली पडते आणि न दिसणारा ठसा स्पष्ट उभा राहतो. फ्लॅशने हाच ठसा सपाट होऊन नाहीसा होतो. असा एक फोटो वेगळा काढून ठेवा. मजकुराच्या फोटोसाठी आडवा उजेड नको, घड्यांच्या सावल्या अक्षरांवर येतात.

कमी उजेडात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, त्यामुळे हात जरा हलला की अक्षरं फाटतात. म्हणून टॅब हातात धरूच नका. मी दिवाळी अंकांच्या बांधीव गठ्ठ्यांच्या दोन चळती रचते, वर प्लायवूडची फळी टाकते. टॅबचा कॅमेरा कोपऱ्यात असतो, तेवढा कोपरा फळीबाहेर काढायचा आणि दुसऱ्या टोकावर वजन म्हणून शब्दकोश ठेवायचा. खाली कागदापर्यंत साधारण एक फूट उंची ठेवा. मग कॅमेऱ्यात ३ सेकंदांचा टायमर लावा, कारण बटण दाबतानाही टॅब हलतो. पानावर बोट दाबून धरलं की बऱ्याच टॅबमध्ये फोकस आणि उजेड तिथेच कायम राहतो. पांढरं पान करडं दिसत असेल तर शेजारची सूर्याची खूण थोडी वर सरकवा. आणि सुरुवातीला लेन्स सुती कापडाने पुसा. वाचनालयातला टॅब सगळ्यांच्या हातात जातो, लेन्सवर तेलकट बोटं असतातच.

संध्याकाळीच काम करायचं असेल तर ट्यूबलाइट जपून वापरा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही, पण फोटोत आडवे काळे पट्टे येतात. कॅमेऱ्यात प्रो मोड, म्हणजे शटरचा वेळ स्वतः ठरवायची सोय, असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद करा. नसेल तर ट्यूब बंद करून एकसारखे दोन एलईडी टेबल लॅम्प दोन्ही बाजूंना, कागदाशी साधारण ४५ अंशांत लावा. एक पिवळा आणि एक पांढरा असं करू नका, पानाचे दोन रंग होतात. फ्लॅशवाल्या टॅबसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा हे दोन लॅम्प घेतलेले केव्हाही बरे.

वीज गेली तर दुसऱ्या माणसाला फोनचा टॉर्च धरायला सांगा, पण कागदावर नव्हे, शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा थर्मोकोलवर. तिथून परत आलेला उजेड पुरेसा मऊ असतो.

फ्लॅशचा उपयोग होतो तो कपाटामागे पडलेल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक टिपायला किंवा मीटरचा आकडा घ्यायला. वार्षिक सभेच्या सामूहिक फोटोलाही लोक तो मागतात, पण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. पुढची रांग पांढरीफटक आणि मागची अंधारात. त्यापेक्षा सगळ्यांना खिडकीकडे तोंड करून बसवा. आणि दुसऱ्याच्या संग्रहात, अभिलेखागारात किंवा वस्तुसंग्रहालयात गेलात तर आधी परवानगी विचारा. फ्लॅश अनेक ठिकाणी चालत नाही.

स्कॅन करणारी ॲप्स पान काळं-पांढरं करून देतात. छापील पानाला ते ठीक आहे, पण मोडीतल्या फिक्या रेघा त्यात गळून जातात. म्हणून मूळ रंगीत फोटो पुसू नका.

प्रत्येक पानाशेजारी पेन्सिलीने क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा, तीही फोटोत येऊ द्या. दर वीस पानांनंतर थांबून एक-दोन फोटो चारी कोपऱ्यांपर्यंत मोठे करून वाचा. धूसर असेल तर तेव्हाच पुन्हा काढता येतं. सगळे तपासून झाल्यावरच कागद त्याच क्रमाने लावा आणि मग रुमालाची गाठ बांधा.