पोट सुटलेलं, पण फासळ्या दिसणाऱ्या रेडकांचं अंग कसं भरलं – माझा अनुभव

मुरबाडकडे आमच्याकडे भाताचा पेंढा रग्गड. वर्षावरची रेडकं दिवसभर तोच चघळायची. पोट नगाऱ्यासारखं, अंगावर मात्र मांस नाही. शेण घट्ट, त्यात पेंढ्याच्या लांब काड्या तशाच. शेजारचे काका म्हणाले, "मक्याचा भरडा वाढव." वाढवला, फरक नाही.

आधी जंताचं औषध पाजून झालं होतंच. तेव्हा पशुवैद्यक डॉक्टरांनी खरं दुखणं दाखवलं. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. पोटातल्या जिवाणूंना वैरण पचवायला एकूण खुराकात साधारण 7 टक्के तरी लागतात. तेवढी मिळाली नाहीत तर पेंढा पोटात नुसता पडून राहतो, आणि जनावर पुढचा घास कमी खातं. मक्यातही प्रथिनं 9 टक्क्यांच्या आसपासच, मग भरड्याने पेंढ्याची तूट भरून निघणं अवघड.

भरडा कमी करून शेंगदाणा पेंड सुरू केली. तिच्यात 40 टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात. थोड्यापासून वाढवत नेली, रोज दोन वेळा आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) घालून, सोबत तुरीची चुणी (डाळ करताना निघणारा चुरा) आणि खनिज मिश्रण. आधी शेण बदललं: मऊ झालं, काड्या दिसेनाशा झाल्या. मग गव्हाण रिकामी होऊ लागली. अंग त्यानंतर भरलं.

पावसाळ्यात पेंडीचं पोतं फळीवर ठेवा. बुरशीचा वास आला तर ती पेंड अजिबात घालू नका, त्यातलं विष यकृताला लागतं. आणि पैसे वाचवायला आंबोणात मूठभर युरिया तर कधीच टाकू नका, जनावर दगावतं.