रंगवलेली ओळ आणि रिकामी यादी

डेटाबेस नुसती पुस्तकं वाचून येत नाही, करून बघावं लागतं. म्हणून वाचू नका, असं मी सांगणार नाही. मी स्वतः अजून वाचतो. पण का वाचत होतो, हे कबूल करायला बराच काळ गेला. प्रत्यक्ष कामात हात घालायची भीती वाटायची. चुकीचं काही लिहून दाखवण्यापेक्षा आणखी एक प्रकरण वाचणं सोपं, आणि 'अभ्यास चालू आहे' म्हणायला मोकळे.

डेटाबेसवरची दोन जाडजूड पुस्तकं मी संपवली होती. 'नल', म्हणजे रिकामी राहिलेली नोंद, शोधताना बरोबरचं चिन्ह (=) चालत नाही, 'इज नल' लिहायचं, ही ओळ मी पिवळ्या पेननं रंगवलीसुद्धा होती. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात पैसे न भरलेल्या ग्राहकांची यादी काढायची होती. अशांची भरणा-तारीख रिकामी असते, म्हणून मी भरणा-तारखेपुढे बरोबरचं चिन्ह टाकून नल लिहिलं. एरर नाही, काही नाही, यादी रिकामी. मी खुशाल कळवलं, थकबाकी कुणाचीच नाही! नलशी केलेली तुलना खरीही ठरत नाही, खोटीही नाही. ती 'अज्ञात' राहते, आणि 'व्हेअर', म्हणजे ओळी निवडायची अट, फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी पुढे सोडतं. हे मला येत होतं. म्हणजे, पान समोर असताना येत होतं.

फसगत इथेच होते. वाचलेलं पुन्हा दिसलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की आलं असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. आपण त्या पाच मिनिटांवरच खूश असतो.

म्हणून प्रकरण संपलं की पुस्तक मिटा. स्वतःचं टेबल बनवा, त्यात मुद्दाम काही रकाने रिकामे सोडा, आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहा. चुकेल. चुकू दे. सारांशाच्या व्हिडिओंवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि वाचनयाद्या वाटत फिरणाऱ्या मार्गदर्शकांवर तर त्याहून नाही. तुमची क्वेरी उघडून बघणारा एक सीनियर पुरे.

वर्ष-दोन वर्षं नुसतं वाचण्यात गेली असतील तर जीव जाळू नका. चूक सापडली तेव्हा पुस्तकातलं नेमकं पान मला लगेच उघडता आलं, ते वाचलं होतं म्हणूनच.

सध्या तिसरं पुस्तक चालू आहे. महिना झाला, पहिल्याच प्रकरणात आहे. चौथा सराव अजून चुकतोय.