लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाने इंदूरमध्ये घर कोठे घ्यावे

लांब पल्ल्याची गाडी चालवणारा माणूस महिन्यातले जेमतेम सात-आठ दिवस घरी असतो. त्यामुळे घर निवडताना त्याने आधी स्वतःची सोय पाहू नये. उरलेले बावीस दिवस त्या घरात जी माणसे राहणार आहेत, त्यांची पाहावी. मी देवास नाक्याजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कचेरीत बिल्टी, म्हणजे मालाची पावती, लिहितो. महाराष्ट्रातून नव्याने आलेले चालक खोलीची चौकशी बहुधा माझ्याकडेच करतात, आणि ‘गाडीजवळ कुठे मिळेल?’ हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न असायला हवा.

तरीही रस्त्याचा विचार आधी उरकून घ्यावा. मुंबई-भिवंडीच्या खेपा असतील किंवा माल पिथमपूरच्या कारखान्यांतून भरायचा असेल, तर गाडी राऊच्या बाजूने जाते, आणि मग शहराच्या उत्तर टोकाला घर घेण्यात अर्थ नाही. दिल्ली-आग्र्याकडच्या फेऱ्यांना देवास नाका आणि मांगलिया सोयीचे पडतात. धार, झाबुआ, दाहोदवरून अहमदाबादला जाणाऱ्याने धार रोडची बाजू पाहावी, तर हरदा-बैतूलमार्गे नागपूर करणाऱ्याने नेमावर रोडची. मालक किंवा मार्ग वर्षभरात बदलण्याची शक्यता असेल, तर बायपासला लवकर पोहोचता येईल अशी वस्ती पाहणे शहाणपणाचे. राऊच्या बाजूला काम असणाऱ्या मराठी कुटुंबांना मी राजेंद्रनगर सुचवतो: तेथे मराठी शेजार आहे, स्वतःचे रेल्वे स्थानक आहे आणि एबी रोड (आग्रा-मुंबई रस्ता) हाकेच्या अंतरावर आहे. सुदामानगरातही आपली माणसे पुष्कळ आहेत, मात्र तेथून महामार्ग गाठायला अधिक वेळ लागतो. रात्री दोन वाजता मुलाला ताप भरला तर वहिनींनी कोणाचे दार वाजवायचे, याचे उत्तर ज्या गल्लीत मिळते, ती गल्ली गाडीपासून चार किलोमीटर लांब असली तरी चालेल.

खोली पाहायला जावे ते भर दुपारी. चालकाची झोप दिवसा होते, हे घरमालकाच्या लक्षात येत नाही आणि आपल्यालाही संध्याकाळच्या गार वाऱ्यात त्याचा विसर पडतो. माझ्या मावसभावाने ट्रान्सपोर्ट नगरच्या बाजूला, पालद्यात, गाडीपासून पाच मिनिटांवर वरच्या मजल्याची खोली घेतली होती. भिवंडीहून रात्रभर गाडी चालवून तो सकाळी घरी येई, आणि दहा वाजता खालच्या दुकानात लोखंडावर ग्राइंडर सुरू होई. माथ्यावर मे महिन्यातला तापलेला स्लॅब, पायाखाली तो आवाज. शेवटी तो चादर घेऊन गाडीच्या केबिनमध्ये जाऊन झोपू लागला; म्हणजे भाडे घराचे आणि झोप गाडीत! मधला मजला, पश्चिमेला उन्हात तापणारी बाहेरची भिंत नसलेली खोली आणि खाली कारखाना किंवा लग्नाचे मंगल कार्यालय नाही याची खात्री, एवढे तरी पाहावेच.

गाडी कॉलनीत आणण्याचा विचार सोडून द्यावा. दिवसा शहरात अवजड वाहनांना नो-एन्ट्री असते आणि रात्री आणलेली गाडी सकाळी अडकून पडते. मालकाचे आवार किंवा पैसे देऊन मिळणारी पार्किंगची जागा ठरवून घ्यावी आणि तेथून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा एकदा मध्यरात्री स्वतः करून पाहावा. रिक्षा मिळते का आणि ती किती मागते, हे तेव्हाच कळते.

पाणी आणि वीज यांची चौकशी घरमालकापेक्षा शेजारच्या भाडेकरूकडे करावी. नर्मदेचे पाणी अनेक वस्त्यांत एक दिवसाआड येते, म्हणून टाकी आणि बोअरिंग पाहावे. वीजमीटर स्वतंत्र असावा. महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत राहिला तर पहिल्या 100 युनिटांचे 100 रुपये पडतात, आणि तीन बिऱ्हाडांत एक मीटर असेल तर ही सवलत हातची जाते.

गाडी स्वतःची असून ती महाराष्ट्रात नोंदलेली असेल, तर एक गोष्ट विसरू नये: मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी जुन्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि ते आणण्याची धावपळ गावी असतानाच उरकलेली बरी. पोलीस पडताळणी आणि कुटुंबाचा समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब ओळख क्रमांक) ही कामे पहिल्या महिन्यातच, सलग दोन दिवस घरी मिळतील तेव्हा करून टाकावीत. भाडेकरारात पत्नीचे नाव अवश्य घालून घ्यावे, कारण 11 महिन्यांनी करार नवा करण्याची तारीख येते तेव्हा चालक बहुधा शिरपूरच्या पुढे कुठल्यातरी टोलनाक्यावर रांगेत उभा असतो.